पिठ्या ढेकूण आणि टाळलेली फवारणी

सोसायटीच्या कुंपणालगतच्या पपईवर किंवा जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा थर दिसला, की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काय फवारायचे?’ तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. याच्या अनेक जाती आपल्याकडे आहेत. पण पपईचा सर्वाधिक नाश करणारी जात, पॅराकॉकस मार्जिनॅटस, परदेशी आहे. ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. भारतात तिचा बंदोबस्त कसा झाला हे पाहिले, तर हा पहिला प्रश्नच चुकीचा आहे, हे लक्षात येते.

2008 मध्ये ही कीड तमिळनाडूत कोइमतूर परिसरात आढळली. 2010 पर्यंत ती पुणे जिल्ह्यासह महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांत पोहोचली होती. पपईबरोबरच तुती, टॅपिओका, वांगी, जास्वंद अशा साठहून अधिक वनस्पतींवर ती जगते. रस्त्याकडेचे गाजरगवतही तिला चालते. त्यामुळे बाग काढून टाकली तरी कीड बांधावर शिल्लक राहते आणि नव्या लागवडीवर परत येते.

शेतकऱ्यांनी तेव्हा फवारण्या केल्या, पुन्हा पुन्हा केल्या. उपयोग थोडाच झाला. या किडीच्या अंगावर मेणासारखे आवरण असते आणि अंडी कापसासारख्या पिशवीत सुरक्षित असतात. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. औषध वरच्या थरापाशी अडते. मरतात ते मात्र उघड्यावर फिरणारे ढालकिडे आणि इतर मित्रकीटक. किडीचे शत्रू आपणच मारतो आणि फळावर विषाचा अंश राहतो तो वेगळाच.

मग मेक्सिकोत या किडीने पपई का संपवली नाही? कारण तिथे तिच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या आहेत. कीड जहाजातून, विमानातून, रोपांबरोबर नव्या देशात आली. तिचे शत्रू मागे राहिले. परदेशी कीड अनावर होण्याचे हे मुख्य कारण. त्यावर उपाय म्हणून, आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंगळूरच्या संस्थेने 2010 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने प्युर्टो रिकोतून या परजीवींच्या तीन जाती आणल्या. त्यांतली ॲसेरोफॅगस पपाये ही जात सर्वांत प्रभावी ठरली. तिची लांबी एक मिलिमीटरहूनही कमी. ती पिठ्या ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी त्याला आतून खाऊन संपवते. ऑक्टोबर 2010 पासून तमिळनाडूत आणि पुढे इतर राज्यांत या माश्या सोडल्या गेल्या. काही महिन्यांत प्रादुर्भाव ओसरला.

हाच मार्ग पुढे साबुदाण्यासाठी वापरला गेला. आपल्या उपवासाच्या खिचडीचा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातल्या टॅपिओकापासून बनतो. 2020 मध्ये केरळात टॅपिओकावरचा दुसरा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला आणि तो तमिळनाडूत पसरला. आफ्रिकेत या किडीला आवर घालणारी परजीवी माशी बेनिनमधून मागवून 2022 मध्ये तिथल्या शेतांत सोडण्यात आली.

झाडांच्या बाबतीत पुण्याला जुना धडा आहे. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने चारा आणि जळणासाठी सुबाभूळ गावोगाव पोहोचवली. एकाच जातीच्या झाडांची अशी सलग लागवड किडीला आयतीच मिळते. 1988 मध्ये सुबाभळीचा रस शोषणारी सिल्लिड ही अमेरिकी कीड भारतात आली आणि कोवळे शेंडे सुकू लागले. तेव्हाही थायलंडमधून ढालकिडा मागवला गेला.

मात्र ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ हे सूत्र डोळे झाकून वापरता येत नाही. अमेरिकेतल्या ओकच्या जंगलांनी त्याची किंमत मोजली आहे. तिथे 1869 च्या सुमारास एका हौशी संशोधकाने युरोपातून आणलेला पतंग मॅसॅच्युसेट्समध्ये निसटला. त्याच्या अळ्या ओकची जंगले ओकीबोकी करू लागल्या. त्यांना आवरण्यासाठी 1906 मध्ये कॉम्प्सिल्युरा ही परजीवी माशी युरोपातून आणली गेली. पण ती कोणत्याही अळीवर जगणारी निघाली. तिथल्या देशी रेशीम पतंगांचेच तिने नुकसान केले. मूळ कीड आजही आहे. पपईच्या माशीचे बळ नेमके उलटे आहे : तिला एकच विशिष्ट यजमान लागतो. म्हणूनच आयात केलेला कीटक आधी बंदिस्त प्रयोगशाळेत वाढवून, तो मधमाशी, रेशीमकिडा अशा उपयुक्त कीटकांना हात लावत नाही ना, हे तपासावे लागते. या चाचण्यांना लागणारा वेळ वाया गेला असे मानणे महागात पडते.

खरा स्वस्त उपाय कीड येण्याआधीचा आहे. आयात रोपांच्या तपासणीसाठी 2003 चा वनस्पती संगरोधाचा आदेश आहे. पण कीड एकदा देशात शिरली की तिचा पुढचा प्रवास आपल्याच रोपांच्या गाड्यांतून होतो. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपासच्या रोपवाटिकांतून झाडे राज्यभर जातात. तिथे नियमित कीड-पाहणी झाली, तर पुढची ‘साथ’ पहिल्याच बागेत सापडेल. बंदर-विमानतळावरची तपासणी, रोपवाटिकेतली पाहणी आणि परजीवी वाढवणारी प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टींवर साथ नसतानाच खर्च व्हायला हवा. साथ आल्यावर पैसे मिळतात, पण वेळ गेलेली असते.

घरच्या पातळीवरही काम आहे. फवारणीआधी भिंग घेऊन ढेकूण पाहा. त्यांतले काही फुगून तपकिरी, कडक झालेले आणि भोक पडलेले असतील, तर परजीवी कामाला लागली आहे. औषध बाजूला ठेवा. नसतील, तर लागण झालेला शेंडा काढून नष्ट करा, पाण्याचा जोरदार फवारा मारा, खोडावर चढणाऱ्या मुंग्या रोखा. मधासारख्या चिकट स्रावाच्या लोभाने मुंग्या ढेकणांची राखण करतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. रोप विकत घेताना पाने उलटून पाहायला अर्धा मिनिट लागतो. 2010 सारखी साथ टाळण्यासाठी तो फार नाही.