पोटातले पाटकरी



मागच्या सुगीत ज्वारीची काढणी उरकून मंगळवेढ्याकडचे माझे मामा आमच्या जुळे सोलापूरच्या घरी आले. वय सत्तरीचे. वाकून वाकून ज्वारी उपटल्याने कंबर धरली होती. म्हणून आठ-दहा दिवस रोज सकाळी कोऱ्या चहाबरोबर दुकानातली दुखण्याची गोळी चालू होती. "पोटात आग पडतीय बघ. तुझ्या मामीच्या शेंगाचटणीनं केलं," म्हणाले. शौचाला डांबरासारखे काळे होते, हे मात्र मी खोदून विचारल्यावरच सांगितले.

त्याच रात्री त्यांना दवाखान्यात नेले. दुर्बिणीतून पाहिले तर जठरात जखम, आणि तिच्यातून रक्त जात होते. मामा बरे झाले. पण गुन्हा चटणीचा नव्हता. मग कोणाचा? त्यासाठी पोटाचा कारभार थोडा समजून घेऊ.

वासराने ढुशी दिली की गाय पान्हा सोडते. तसेच भाकरीचा खमंग वास आला की तोंडाला पाणी सुटते, आणि जठरातही आम्ल पाझरू लागते. हा निरोप मेंदूकडून मज्जातंतूंवाटे येतो. घास जठरात उतरला की तिथून 'गॅस्ट्रिन' नावाचा रस रक्तात मिसळतो आणि आम्ल करणाऱ्या पेशींना सांगतो, "दार उघडा." आम्ल पुरेसे झाले की गॅस्ट्रिन आपोआप थांबते. शेत भिजले की पाटकऱ्याने दार पाडावे, तसेच हे.

पुढे आंबट झालेले अन्न लहान आतड्यात येते. ते आम्ल मारण्यासाठी स्वादुपिंड खारा रस सोडते. त्याला खबर कोण देते? १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले आणि तिथे आम्ल घातले. तरीही स्वादुपिंडाने रस सोडला! म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या निरोप्याला त्यांनी 'सिक्रेटिन' म्हटले. अशा निरोप्यांना 'हार्मोन' हे नाव स्टार्लिंगनीच १९०५ साली दिले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

तेल-तूप आतड्यात पोचले की आणखी एक संप्रेरक पित्ताशय पिळून पित्त सोडते, जठराचे रिकामे होणे मंद करते आणि मेंदूला "आता पुरे" म्हणून कळवते. हा निरोप पोचायला थोडा वेळ लागतो. म्हणून घाईघाईने जेवणारा गरजेपेक्षा जास्त खातो. उलट 'घ्रेलिन' हे संप्रेरक भूक जागवते. त्याचा शोध १९९९ साली जपानमध्ये लागला. ते रोजच्या जेवणाच्या वेळेआधी वाढते. ठरल्या वेळी भूक लागते ती यामुळे.

आता प्रश्न असा की, मांस पचवणारे हे आम्ल जठरालाच का खात नाही? शेततळ्याला आपण कागद अंथरतो, तसा जठराला आतून चिकट थर असतो. दुखण्याची गोळी, मग ती ॲस्पिरिन असो, डायक्लोफिनॅक असो की आयब्युप्रोफेन, हा थर टिकवणारी द्रव्येच कमी करते. कागद फाटला की पाणी मुरते. थर विरला की आम्ल जठराला जखम करते. ही गोळी रक्तातूनही काम करते, म्हणून जेवून घेतली तरी धोका पुरता टळत नाही. उतारवयात तर तो अधिकच.

जखमेचे दुसरे मोठे कारण एक जंतू आहे. १९८२ साली ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांनी तो हुडकला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू गॅस्ट्रिनचाही हिशेब बिघडवतो. पाटकरी दार पाडायचेच विसरतो. तपासणी करून औषधांचा पूर्ण क्रम घेतल्यास तो जातो. तिखटाने झालेली जखम झोंबेल, पण जखमेचे मूळ ते नव्हे.

मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी एवढे सांगतो. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका. शौचाला डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते. त्या चालू असतील तर तेही सांगा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपणहून विचारा. ती लाजेने सांगत नाहीत. मामांनीही सांगितले नव्हते.