पीएचपी : नावाने बदनाम, कामाने अपरिहार्य

एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाणारा ठाणे-बेलापूर पट्टा आज माहिती तंत्रज्ञानाच्या संकुलांनी गजबजला आहे. ऐरोली, महापे, वाशी येथील या संकुलांत संगणकाच्या भाषांचीही एक उतरंड मानली जाते. जावा जाणणारा वरच्या पायरीवर, तर पीएचपीवर काम करणारा बहुधा खालच्या. वेबसाइटच्या सर्व्हरकडील कामासाठी जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या भाषेच्या वाट्याला ही उपेक्षा का यावी?

दोष मुळातच आहेत, हे मान्य करावे लागेल. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ही साधने जाहीर केली, ती स्वतःचे वेबपेज सांभाळण्यासाठी. नवी भाषा घडविण्याचा त्यांचा हेतू नव्हता. गरजेनुसार खोल्या वाढवीत गेलेल्या घरासारखी ती वाढली. परिणामी फंक्शनच्या नावांत सुसूत्रता राहिली नाही. बाहेरून आलेली माहिती थेट प्रोग्रामच्या चलांत शिरू देणारी एक धोकादायक सोय २००२ पर्यंत आपोआप सुरू असे. ती पुरती हद्दपार व्हायला २०१२ उजाडले.

मराठी वापरकर्त्याला तर आणखी एक दोष जाणवतो. शब्दाची लांबी मोजणारे या भाषेतील मूळ फंक्शन ‘मराठी’ या शब्दाची लांबी १५ सांगते! ते अक्षरे नव्हे, बाइट मोजते आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. युनिकोडला मुळापासून सामावून घेणारी सहावी आवृत्ती २०१० मध्ये सोडून देण्यात आली. आजही त्यासाठी वेगळ्या जोडणीचा आधार घ्यावा लागतो.

तरीही ही भाषा टिकली, याचे कारण तिचा सोपेपणा व स्वस्ताई. ती मोफत आहे, अल्प भाड्याच्या सर्व्हरवर चालते आणि नवशिक्याला पहिल्याच दिवशी काहीतरी करून दाखविता येते. वर्डप्रेस २००३ मध्ये याच भाषेत आले. त्याच वर्षी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच भाषेतील प्रणालीवर चालतो. फेसबुकची सुरुवातही २००४ मध्ये पीएचपीतच झाली. मात्र दार सर्वांना उघडे असले, की कच्चे कामही आत येते. अशा कामाचे खापर भाषेच्या माथी फुटत गेले.

२०१५ च्या सातव्या आवृत्तीने वेगाची तक्रार बरीचशी दूर केली, २०२० च्या आठव्या आवृत्तीने शिस्त वाढविली. खरा धोका आता भाषेत नसून तिच्या जुन्या आवृत्त्यांत आहे. ५.६ या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०१८ अखेर, तर ७.४ च्या २०२२ मध्ये थांबल्या. त्यांवर चालणाऱ्या साइटला नवे छिद्र पडले, तर ते अधिकृतरीत्या कोणीही बुजविणार नाही. एखाद्या लहान व्यापाऱ्याने वा पतसंस्थेने एकदाच पैसे मोजून साइट करून घेतली आणि पुढे तिच्याकडे पाहिलेच नाही, तर ग्राहकांची माहिती उघड्यावर पडते.

इमारत बांधण्याइतकीच तिची देखभालही महत्त्वाची असते, हे नवी मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच साइट कोणत्या भाषेत आहे, याहून ती कोणत्या आवृत्तीवर चालते आणि तिची देखभाल कोणाकडे आहे, हे प्रश्न अधिक मोलाचे ठरतात. ते काम चोख करणाऱ्या तरुणाला केवळ भाषेवरून खालच्या पायरीवर बसविणे म्हणूनच अन्यायाचे आहे.