विसळूनच लावायची, तर डिशवॉशर कशाला?

‘आपल्या जेवणाची भांडी मशीनमध्ये निघत नाहीत’ असं ठासून सांगणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. काहींनी डिशवॉशर घेतलेलाच नसतो. त्यांचं सोडून देऊ. काहींकडे तो असतो, पण भांडी नळाखाली अर्धीअधिक घासून मग ते आत लावतात. भांडण यांच्याशी आहे. पाणी हे दोनदा घालवतात आणि बोल मात्र मशीनला लावतात.

तेल-मसाल्याचा बाऊ फार केला जातो. तेलकटपणा सुटतो तो गरम पाण्याने आणि अल्कधर्मी डिटर्जंटने. कडक धुलाईत मशीन ६०-७० अंशांचं पाणी मारते. त्यात हात घालून दाखवावा कोणी! वाळलेलं वरण आणि भाताची शितं यांचा समाचार डिटर्जंटमधली एन्झाइम्स घेतात, त्यांना फक्त वेळ लागतो. उलट पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असेल, तर ऑटो प्रोग्रॅमवर विसळलेल्या भांड्यांमुळे त्याची फसगत होते. काम हलकं समजून मशीन धुलाई आटोपती घेते, आणि कुकरच्या डब्याच्या कडेला चिकटलेलं तसंच राहतं. ताटातला कढीपत्ता, हाडं, शेवग्याची चोयटी कचऱ्यात झटकली की पुरे.

पाण्याचा आक्षेप तर उलटाच आहे. भरलेली मशीन साधारण १०-१२ लिटरमध्ये काम उरकते. नळ सोडून घासणाऱ्याचं तेवढं पाणी दोन-तीन मिनिटांत जातं. टँकरच्या पाण्यावर दोन घमेल्यांत भांडी काढणाऱ्या बाईला मात्र हा हिशोब कोणी शिकवू नये; तिला तो आपल्यापेक्षा चांगला कळतो.

एक आक्षेप खरा आहे. जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ साली अमेरिकेत या यंत्राचं पेटंट घेतलं, ते चिनी मातीच्या ताटल्यांचे टवके उडू नयेत म्हणून. आपल्या घरात वाट्या, पेले, पातेली अशी खोल भांडी जास्त. पाणी फिरत्या पात्यांतून खालून-वरून फवारतं. वाटीत वाटी बसवली, तर आतल्या वाटीला ते दिसणारही नाही. म्हणून वाट्या पालथ्या आणि तिरक्या लावाव्यात. झारा किंवा डाव उभा ठेवून पातं अडवू नये. तळाची जाळी आठवड्याला धुवावी; वास येतो तो तिथूनच. बोअरच्या जड पाण्याने पेल्यांवर पांढरा थर येतो, त्याला उपाय डिशवॉशरचं मीठ. ते त्याच्या कप्प्यातच घालायचं, आणि स्वयंपाकाचं बारीक मीठ तिथे चालत नाही. इको प्रोग्रॅम तीन-चार तास चालतो म्हणून विजेचं बिल वाढेल ही भीतीही फोल. वीज मुख्यतः पाणी तापवायला लागते आणि इको ते कमी तापवतो.

बिडाचा तवा, लाकडी पोळपाट, कल्हईची भांडी, अ‍ॅल्युमिनियमची कढई बाहेरच ठेवा. बीड गंजतं, लाकूड तडकतं, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं. करपलेलं पातेलं भिजवावंच लागतं, मशीन असो वा नसो.

‘हाताची सर नाही’ असं म्हणणाऱ्यांत स्वतःचे हात मोरीत घालणारे फार थोडे असतात. त्यांचं ऐकू नका. आज रात्रीची ताटं न विसळता लावा आणि सकाळी स्वतः तपासा.