काळ्याला निळं करण्याचा खटाटोप

विठोबा काळा आहे. एवढं साधं वाक्य चार माणसांत उच्चारून पाहा. एक जण लगेच दुरुस्ती करतो, ‘काळा नव्हे, सावळा म्हणा.’ दुसरा सांगतो, तो रंग नव्हेच, ते तत्त्व आहे. आकाश निळं दिसतं तसा परमात्मा निळा. तिसऱ्याला अध्यात्माचं वावडं असतं. त्याच्या मते महाराष्ट्रात काळा दगड मिळतो म्हणून देव काळा, पुढचं सगळं कवींचं काम. आणि चार पुस्तकं वाचलेले एखादे गृहस्थ आर्य-अनार्यांवर येतात. या मंडळींचं आपापसांत मुळीच पटत नाही, पण एका बाबतीत त्यांची छुपी एकी आहे. देवाच्या अंगाचा काळेपणा जसा आहे तसा पदरात घ्यायला कोणीच तयार नाही. माझं म्हणणं असं की भक्तीने देव काळा पाहिला तो डोळे उघडे ठेवून, आवडीने पाहिला. आणि त्या रंगाचा जो काही अर्थ आहे तो रंग पुसल्यावर शिल्लक राहत नाही.

दगडाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो दिसायला सर्वांत भक्कम आहे. सह्याद्रीचा कातळ काळा, मूर्तिकाराने तोच घेतला, भक्तांनी मग त्या रंगाला नावं दिली. नाशकात याला आधारही सापडतो. पंचवटीत काळ्या पाषाणाचा काळाराम आहे आणि त्याच शहरात गोरेरामही आहे. तिथे नावं मूर्तीच्या रंगावरून पडली, हे मान्य. पण जरा पुढे जाऊन पाहा. त्याच कातळातून वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं. गावोगावच्या महादेवाच्या पिंडी त्याच दगडाच्या आहेत, अभिषेकाच्या पाण्याने आणि तेलातुपाने आणखी काळ्या झालेल्या. त्या कुळकुळीत पिंडीपुढे उभे राहून आपण त्या देवाला कापरासारखा गोरा म्हणतो, आणि म्हणताना आपल्याला काडीचाही संकोच वाटत नाही. दगड तोच. एकाच खाणीतून निघालेला महादेव गोरा राहतो आणि विठोबा काळा राहतो. म्हणजे भक्ताच्या मनातला रंग खाणीतून आलेला नाही.

याहून मोठा पुरावा पुरीला आहे. जगन्नाथाची मूर्ती दगडाची नाहीच, कडुनिंबाच्या लाकडाची आहे. काही वर्षांनी नवकलेवर होतं, जुन्या मूर्तींच्या जागी नव्या घडवल्या जातात. अलीकडचं नवकलेवर 2015 साली झालं. ताजं तासलेलं लाकूड काही काळं नसतं. तिथे बलभद्राला पांढरा रंग देतात, सुभद्रेला पिवळा आणि जगन्नाथाला काळा. दर वेळी, ठरवून, हाताने. कारागिरापुढे तिन्ही रंग ठेवलेले असताना जगन्नाथाला काळाच लावायचा हा निर्णय कुठल्या खाणीने घेतला?

‘पांडुरंग म्हणजे तर पांढरा’ असा एक टोमणा या वादात हटकून येतो. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते नाव पंढरपूरच्या जुन्या कानडी नावाशी जोडलं आहे. तेवढं सांगून मी पुढे जातो.

आता निळ्याकडे. हा पक्ष सर्वांत गोड बोलणारा, म्हणून सर्वांत फसवा. निळा म्हणजे अनंत, निळा म्हणजे आकाश आणि समुद्र; कृष्णाचा वर्ण कातडीचा नसून चैतन्याचा आहे, असं तो सांगतो. ऐकायला छान वाटतं. पण जुन्या ग्रंथांतल्या उपमा एकदा मांडून पाहा. कृष्णाला आणि रामाला कशाकशाची उपमा दिली आहे? पाण्याने भरलेल्या ढगाची. दूर्वेच्या कोंबाची. तमाल वृक्षाची. जवसाच्या फुलाची. इंद्रनील मण्याची. यांत जवस आणि इंद्रनील निळे आहेत, दूर्वा हिरवी आहे, तमाल आणि ढग काळे आहेत. इतके वेगवेगळे रंग एका अंगाला कसे लागू पडतील? लागू पडतात, कारण तेलाने चोपडलेल्या, उन्हात उभ्या असलेल्या काळ्या कातडीवर हे सगळे छटांनी दिसतात. ज्याने काळं माणूस प्रेमाने न्याहाळलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. निळाई त्या काळ्यातली एक झाक होती. चित्रकारांनी ती उचलली, आणि त्यांचंही फारसं चुकलं नाही. पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रांतला निळा कृष्ण सुंदरच आहे. पण त्याच सुमाराला नाथद्वाऱ्याच्या पिछवायांत श्रीनाथजी गडद काळाच रंगवला जात होता. काळ्या रंगात नाकडोळे उठत नाहीत, म्हणून निळा वापरला, असंही एक तांत्रिक समर्थन ऐकायला मिळतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात काळ्यासावळ्या अंगाच्या आकृती काय नजाकतीने रंगवल्या आहेत, ते जाऊन पाहावं.

बिघडलं ते नंतर. चित्रकाराचा संकेत तसबिरीत आला, तसबिरीतून कॅलेंडरवर गेला, आणि निळा उजळत उजळत आकाशी झाला. 1987 साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ‘महाभारत’. त्यांतले राम आणि कृष्ण सरळ गोरे होते. घरोघर टीव्हीला हार घातले गेले, पण ‘हे दोघे तर काळे ना?’ असं विचारल्याचं कोणी फारसं ऐकलं नाही. संकेताला तत्त्वज्ञान समजलं की असं होतं. देव आधी निळा होतो, मग फिकट, मग शेजारच्या सोसायटीतल्या जाहिरातीतल्या मुलासारखा.

ढगाच्या उपमेवर मला थोडं थांबायचं आहे. बर्फाच्या देशात माणूस उजेडाची वाट पाहतो. आपण ज्येष्ठात कशाची वाट पाहतो? काळ्या ढगाची. पांढरा ढग आला की शेतकरी तोंड फिरवतो; तो कोरडा असतो. काळा आला की जीव भांड्यात पडतो. मेघश्याम हे नाव ज्यांनी देवाला दिलं त्यांना आकाशाची अनंतता नको होती, पाऊस हवा होता. आषाढीची वारी त्याच दिवसांत निघते. पेरणी उरकून माणसं चालू लागतात आणि डोक्यावर तोच रंग घेऊन चालतात, जो विटेवर उभा आहे. खाली पाहिलं तरी तेच. आपल्याकडे गावाचे दोन भाग, वस्तीची पांढरी आणि शेताची काळी. पांढरीत माणसं राहतात, काळीत पिकतं. शेतकरी काळी आई म्हणतो. पांढरी आई म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. पिकवणारं, भरलेलं, देणारं ते काळं, ही खूण या मातीत ग्रंथांच्या आधीपासून असावी. तमिळ प्रदेशातही संघम काळच्या वाङ्मयात गुराख्यांच्या कुरणांचा देव मायोन काळाच आहे. तिथेही गाई, गवत आणि पाऊस हेच त्याचं राज्य.

आणि बुक्का. पंढरपुरात महाद्वाराकडे जाताना दोन्ही बाजूंना परातींत रचलेले ढीग दिसतात, कुंकवाचे तांबडे, अष्टगंधाचे केशरी आणि बुक्क्याचे काळेभोर. कोळशाच्या वस्त्रगाळ पुडीत नागरमोथ्यासारखी सुगंधी द्रव्यं घालून तो करतात. बोटावर घेतला तर काजळीसारखा मऊ, नाकाशी नेला तर थंड वासाचा. विठोबाला तो वाहतात आणि वारकरी तोच स्वतःच्या कपाळी लावतो. ज्या समाजात मंगलकार्यात काळं वस्त्र चालत नाही, काळी मांजर आडवी गेली की पाय थबकतो, त्याच समाजातली लाखो माणसं कपाळाच्या मधोमध काळा ठिपका लावून हिंडतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. निळं तत्त्व कपाळाला लावायला मिळत नाही. विष्णुदास नामा यांच्या एका प्रसिद्ध गौळणीत पाण्याला निघालेल्या बाईभोवतीचं सगळं, भोवतालच्या अंधारापासून अंगावरच्या लेण्यापर्यंत, एकेक करून काळं होत जातं आणि शेवटी तो काळा भेटतो. ती गौळण निळ्या रंगात म्हणून पाहा, जमणार नाही.

शास्त्री मंडळींचा एक आक्षेप मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. सत्त्व पांढरं, रज तांबडं, तम काळं. मग काळा देव म्हणजे तमोगुणी देव का? याचं उत्तर भागवतातच आहे. दहाव्या स्कंधात गर्गाचार्य नंदाघरी बाळाचं नाव ठेवायला येतात आणि सांगतात की या मुलाने युगायुगांत पांढरा, तांबडा, पिवळा असे वर्ण घेतले, या खेपेला तो काळा झाला आहे. चढती-उतरती भाजणी तिथे नाही. महानिर्वाणतंत्र तर उलट्या बाजूने येतं. सगळे रंग जसे काळ्यात विरतात तशी सगळी भूतं कालीत विरतात, असा त्याचा आशय आहे. काळा म्हणजे उजेडाचा अभाव हा हिशेब इथे लागू होत नाही. रामकृष्ण परमहंस म्हणत की काली दुरून काळी दिसते, जवळ गेलं की तिला रंग नाही, समुद्राचं पाणी दुरून निळं आणि ओंजळीत बिनरंगी असतं तसं. निळ्या पक्षाचे लोक हा दाखला मोठ्या उत्साहाने देतात. पण त्यांनी हेही लक्षात घ्यावं की हे बोलणारा माणूस दक्षिणेश्वराच्या काळ्या पाषाणाच्या भवतारिणीपुढे जन्मभर रडला-हसला. देव रंगापलीकडे आहे हे त्याला त्या रंगातून जाऊन कळलं. रंग टाळून पलीकडे जायची सवलत त्याने मागितली नव्हती.

आर्य-अनार्य वादाला मी फार जागा देणार नाही. विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात आहे हे ढेरे यांनी 1984 सालच्या ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथात साधार मांडलं आणि ते मला पटतं. पण त्यावरून ‘काळे देव जितांचे, गोरे जेत्यांचे’ असा नकाशा काढू गेलं तर तो पहिल्याच घरात फाटतो. दशरथाच्या एका घरात राम काळा आणि लक्ष्मण गोरा. वसुदेवाच्या घरात कृष्ण काळा, बलराम गोरा. महाभारत रचणारा व्यास काळा, म्हणून तर त्याचं नाव कृष्ण द्वैपायन. यज्ञवेदीतून निघालेली द्रौपदी काळी, तिचंही नाव कृष्णा.

इथवर आल्यावर एक वेगळाच गट टाळ्या वाजवू लागतो, आणि त्याच्याशी माझं भांडण सगळ्यांत मोठं आहे. त्यांचं म्हणणं, पाहा, आमचा देव काळा, आमची देवी काळी. गोरेपणाचं वेड आम्हांला नव्हतंच, ते इंग्रजांनी आणलं. हे धादांत खोटं आहे. आदिपर्व उघडा. वंश चालवण्यासाठी बोलावलेला व्यास समोर येताच त्याचा तो काळा, उग्र अवतार पाहून अंबिकेने डोळे मिटले, म्हणून धृतराष्ट्र आंधळा झाला. अंबालिका पांढरीफटक पडली, म्हणून पांडू. काळ्या माणसाला पाहून डोळे मिटण्याची गोष्ट भारताच्या महाकाव्याच्या पायाशीच आहे, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांची किंमत पुढे अख्ख्या कुळाने मोजली. पुराणांत तर खुद्द पार्वतीची कथा आहे. शंकराने थट्टेत तिला काळी म्हटलं, ती रागावून तपाला बसली, काळी कात टाकून गौरी झाली. माझ्या बाजूला ही कथा अडचणीची आहे, हे मी लपवणार नाही. पण त्या कथेतही टाकलेली काळी कात उकिरड्यावर गेली नाही, तिची कौशिकी देवी झाली. देवीमाहात्म्यात तर उलटच घडतं. कौशिकी देहातून बाहेर पडल्यावर पार्वती स्वतः काळी होते आणि कालिका म्हणून हिमालयात राहते. परंपरेच्या पोटात ही झटापट जुनी आहे. भक्ती काळ्याच्या बाजूने उभी राहिली ती समाज गोऱ्याच्या बाजूने झुकलेला होता म्हणूनच.

आणि काळ्या देवाने देवळाची दारं आपोआप उघडली, असंही झालं नाही. जात आणि कातडीचा रंग एक नव्हेत, हे ठाऊक असूनही सांगतो. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशकात सत्याग्रह सुरू झाला तो काळारामाच्याच दारात, आणि वर्षानुवर्षं चालूनही ते दार उघडलं नाही. पंढरपूरचं दार उघडायला 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. आजही ‘माझा सावळा विठ्ठल’ म्हणून डोळे टिपणाऱ्या घरातून वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात ‘रंग: गोरा’ लिहून जातं, सावळ्या मुलीच्या अर्जात ‘गहूवर्णी’ भरलं जातं, आणि सुईणीपासून मावशीपर्यंत सगळ्या बाळाचे कान पाहून मोठेपणी रंग कसा निघेल याचा अंदाज बांधतात. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 साली नावातलं गोरेपण गाळलं; त्याने गिऱ्हाइकाच्या मनातलं काही गळलं नाही. देवाला काळा म्हणायची भीती आणि मुलीला काळी म्हणवून घ्यायची भीती एकाच मुळातून येते. देवाला निळा करणं हा तिच्यावरचा सोयीचा तोडगा आहे.

म्हणून वाचकांकडे, त्यातही शिक्षकांकडे आणि पालकांकडे, एक मागणं आहे. दर गोकुळाष्टमीला शाळेच्या नाटकात गोऱ्यागोमट्या मुलाला कृष्ण करतात, त्याच्या तोंडाला निळा रंग फासतात आणि वर्गातल्या काळ्या मुलाला कंसाचा पहारेकरी नाही तर कालिया करतात. यंदा त्या काळ्या मुलालाच मुकुट घाला. मोरपीस खोवा, बासरी द्या. तोंडाला काहीही लावू नका.