वारा कोणाचा, वाटा कोणाचा?

सातारा-सांगलीतील जुन्या पवनचक्क्या बदलण्याची वेळ. जमीनमालकांपुढे कराराचा नवा प्रश्न

विशेष प्रतिनिधी, सातारा

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी, तसेच सांगली जिल्ह्यातील गुढे-पाचगणी आणि ढालगाव येथील पठारांवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. पवनचक्कीचे आयुष्य साधारणतः वीस ते पंचवीस वर्षांचे धरले जाते. त्या हिशेबाने पहिल्या पिढीतील यंत्रे आता निवृत्तीला आली आहेत. त्यांच्या जागी मोठ्या क्षमतेची यंत्रे बसविण्यासाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये धोरण जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते नव्याने आखले. यंत्रे बदलतील, वीज वाढेल. परंतु ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे, तिच्या मूळ मालकाच्या पदरात काय पडणार, हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी जसा अनुत्तरित होता तसाच आजही आहे.

नव्या यंत्रांची पाती लांब, मनोरे उंच आणि पाया मोठा असतो. अवजड भाग डोंगरावर नेण्यासाठी रस्ते रुंद करावे लागतात, वीजवाहिन्यांची क्षमता वाढवावी लागते. त्यामुळे कंपन्यांच्या ताब्यात असलेल्या जागेखेरीज लगतच्या जमिनीचीही गरज भासणार हे उघड आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वाटाघाटीची दुसरी संधी आहे.

जमिनीखालचे सरकारचे

जमिनीतील संपत्तीवर मालकाचा हक्क किती, याचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे. अमेरिकेत जमिनीच्या पोटातील तेल, वायू व खनिजे यांचा हक्क सर्वसाधारणपणे खासगी मालकीचा असतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात शेल वायूसाठी विहिरी खोदल्या जाऊ लागल्या तेव्हा तेथील शेतकऱ्यांशी कंपन्यांना भाडेपट्टे करावे लागले. उत्पादनाच्या किमान एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के, स्वामित्वधन मालकाला मिळालेच पाहिजे, असा कायदा त्या राज्यात १९७९ पासून आहे.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. सातारा-सांगलीचा भूभाग मुख्यतः काळ्या बसाल्ट खडकाचा. तेथे शेल वायू नाही. पण असता तरी तो शेतकऱ्याचा ठरला नसता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार, विशेष तरतूद वा सनद नसेल तर कोठेही सापडणाऱ्या खनिजांवर हक्क शासनाचा असतो. स्वतःच्या रानातील मुरूम व्यवसायासाठी काढायचा झाला तरी तहसील कचेरीत स्वामित्वधन भरावे लागते, याचा अनुभव येथील अनेक खातेदारांना आहे. केरळमधील मलबार भागातील जमीनमालकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये वेगळा निर्वाळा दिला. कायद्याने हक्क काढून घेतला नसेल तर भूगर्भाची मालकी जमिनीच्या मालकीमागोमाग जाते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र महाराष्ट्रात कलम ४८ ची स्पष्ट तरतूद असल्याने त्या निकालाचा आधार येथील सर्वसामान्य खातेदाराला सहजासहजी मिळणारा नाही.

वाऱ्याची गोष्ट याहून निराळी. तो शासनाचा म्हणून कोणत्याही संहितेत नोंदलेला नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. म्हणजे पठारावरच्या मालकाच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग. तो एकदा विकला की वाऱ्यावरील उत्पन्नात त्याला कोणताही वाटा राहत नाही.

एकदाच मिळालेली रक्कम

वस्तुतः येथे बव्हंशी तेच घडले. पाटण तालुक्यातील वनकुसवडे हे कोयनेच्या शिवसागर जलाशयालगतचे उंच पठार. वारा भरपूर, पिके बेताची. कातळ आणि गवताची जमीन 'पडीक' म्हणून पिकाच्या हिशेबाने मोजली गेली, वाऱ्याच्या नव्हे. उद्योगांना शेतजमीन घेणे १९९४ च्या कायदेशीर दुरुस्तीने सोपे झाले होते. पवनऊर्जेतील गुंतवणुकीवर पहिल्याच वर्षी भरघोस घसारा मिळत असल्याने मोठ्या उद्योगसमूहांचा ओघ इकडे वळला. मधल्या दलालांनी मुंबई-पुण्यात राहणाऱ्या भाऊबंदांच्या सह्या गोळा केल्या, कोठे वटमुखत्यारपत्रावर व्यवहार झाले. सामाईक खात्यातील एका हिस्सेदाराने विकले आणि दुसऱ्याला उशिरा कळले, अशा तक्रारी या भागात वर्षानुवर्षे ऐकू येतात.

या व्यवहारात शेतकऱ्याने काय गमावले, याचा साधा हिशेब मांडता येतो. राज्य वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये नव्या पवनऊर्जा प्रकल्पांसाठी प्रति युनिट साडेतीन रुपयांपासून सुरू होणारा आणि दरवर्षी पंधरा पैशांनी वाढणारा दर ठरविला होता. साडेतीनशे किलोवॉटचे एक यंत्र वर्षभरात क्षमतेच्या वीस टक्के चालले असे धरल्यास सुमारे सहा लाख तेरा हजार युनिट वीज तयार होते. साडेतीन रुपये दराने तिची किंमत साडेएकवीस लाख रुपयांच्या आसपास जाते. त्यातील केवळ दोन टक्के वाटा मालकाला मिळाला असता तरी वर्षाला सुमारे त्रेचाळीस हजार रुपये होतात आणि तेही वीस वर्षे. हा हिशेब ढोबळ असला तरी एकरकमी विक्री आणि उत्पन्नातील वाटा यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते.

सौर प्रकल्पांनी दाखविलेली वाट

भाडेपट्टा शक्यच नाही, असे आता म्हणता येणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीसाठी हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ, असे सूत्र शासनानेच ठरवून दिले. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये देण्याचीही त्यात तरतूद आहे. जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहते आणि सातबाऱ्यावरील त्याचे नाव पुसले जात नाही. याउलट पवनचक्क्यांवर कर किती लावायचा, यासाठी पठारावरील ग्रामपंचायतींना दीर्घकाळ कंपन्यांशी झगडावे लागले.

मात्र भाडेपट्टा म्हणजे आपोआप न्याय नव्हे. पेनसिल्व्हेनियात कायद्याचे संरक्षण असूनही कंपन्यांनी वायूची वाहतूक व प्रक्रिया यांचा खर्च स्वामित्वधनातून वळता केला आणि २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी वजावट कायद्याला धरून असल्याचे ठरविले. अनेकांच्या हाती पडलेली रक्कम अपेक्षेहून बरीच कमी भरली. शिवाय उत्पादन चालू आहे तोवर भाडेपट्टा चालू, या कलमामुळे जुन्या अटींतून सुटकाही होईना.

सही करण्यापूर्वी

या अनुभवातून सातारा-सांगलीच्या खातेदाराने घेण्यासारखे बरेच आहे. पहिली गोष्ट म्हणजे शक्यतो विक्री टाळून नोंदणीकृत भाडेपट्ट्याचा आग्रह धरावा; एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीविना टिकत नाही. किमान भाडे आणि उत्पन्नातील टक्का यांपैकी जे अधिक ते मिळावे. हा टक्का 'निव्वळ' नव्हे तर एकूण विक्रीवर असावा आणि मीटरच्या नोंदी पाहण्याचा हक्क करारात लिहिलेला असावा. मुदत ठरावीक असावी आणि यंत्र बदलताना नव्याने करार व्हावा. प्रकल्प दुसऱ्या कंपनीकडे गेला तरी अटी कायम राहाव्यात. रस्ता, वाहिनी आणि पात्यांच्या फेऱ्याखालची जागा यांचा मोबदला स्वतंत्र असावा. मुदत संपल्यावर मनोरा व काँक्रीटचा पाया काढून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी आणि त्यासाठीची अनामत रक्कम हे कलम तर वगळताच कामा नये.

त्याआधी घरचे कागद नीट असणे गरजेचे आहे. वारसनोंदी, पोटहिस्से आणि फेरफार अद्ययावत नसतील तर वाटाघाटीत दलालाचेच फावते. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना पाऊल टाकू नये.

तथापि एकट्या खातेदाराने कंपनीच्या वकिलासमोर हे सारे मागावे, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. कोयनेच्या विजेसाठी याच खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली आणि त्यानंतर वरच्या पठारांवरून वाऱ्याची वीज राज्याला मिळाली. सौरऊर्जेसाठी जे भाड्याचे सूत्र शासन ठरवू शकते, ते पवनऊर्जेसाठी ठरविण्यास अडचण नसावी. नवे मनोरे उभे राहण्यापूर्वी नमुना करार आणि किमान वाटा जाहीर झाला तरच मूळ मालकाच्या पदरात काही पडेल. खरेदीखतावर सह्या झाल्यानंतर येणाऱ्या धोरणाचा त्याला काही उपयोग होणार नाही.