पाहुणा नव्हे, रहिवासी

गावाजवळ बिबट्या दिसला की तो जंगलातून वाट चुकून आला असे आपण समजतो आणि त्याला पकडून दूर सोडण्याची मागणी वनखात्याकडे लागलीच जाते. भिवंडी तालुक्याच्या पश्चिमेस तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे. येथील नागरिकांनी तरी ही समजूत एकवार तपासून पाहावी.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या बागायती मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. ते वाटसरू नव्हते. उसाच्या आडोशाने तेथेच नांदत होते. त्यांची वीणही तेथेच होत होती. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

मग पकडून दूर सोडल्याने काय साधते? जुन्नर भागात २००१ नंतर हा उपाय मोठ्या प्रमाणावर योजला गेला, तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या तर सुमारे १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला.

याचा अर्थ गावकऱ्यांनी मुकाट्याने सोसावे असा मुळीच नव्हे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे २०२५ साली बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचा बळी गेला. त्या आईबापांना सहजीवनाचा उपदेश करणे हा निर्दयपणा होय. माणसांवर हल्ले करू लागलेला बिबट्या तातडीने हटविलाच पाहिजे. परंतु नुसता दिसला म्हणून प्रत्येकाला पिंजऱ्यात घातल्यास रिकाम्या जागी दुसरा येतो, एवढेच.

खरा उपाय आपल्या दारात आहे. वस्तीच्या कडेला साचणारा कचरा व खाटिकखान्याची घाण उचलली गेली, भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात आली, गोठे बंदिस्त झाले आणि पाड्यांच्या वाटांवर दिवे लागले, तर बिबट्याला माणसाजवळ येण्याचे कारण कमी होईल. जनावर गमावणाऱ्यास भरपाईही वेळेवर मिळावी. पिंजऱ्यातले बकरे वनखाते बांधते. गावाबाहेरचे आमिष मात्र आपणच मांडून ठेवीत असतो.