पेण-रोह्याचं सांडपाणी नदीत जाण्याआधी स्वच्छ कसं होईल? 'एसबीआर' तंत्रज्ञान समजून घ्या

कोलाडला राफ्टिंगसाठी येणाऱ्या पर्यटकांना दिसते ती फेसाळणारी कुंडलिका. भिऱ्याच्या टाटा वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहत असते. हीच नदी पुढे रोहा शहरात येते आणि साळावजवळ रेवदंड्याच्या खाडीला मिळते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यातले ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते. सर्वात गंभीर गटात मिठी, मुळा, मुठा यांच्यासोबत कुंडलिकेचंही नाव होतं.

कुंडलिकेचा विषय निघाला की चर्चा धाटाव एमआयडीसीच्या रसायनांवर येऊन थांबते. ती चर्चा गरजेची आहेच. पण नदीत आपल्या बाथरूमचं, मोरीचं आणि संडासाचं पाणीही जातं. त्याचं काय?

रोज किती सांडपाणी तयार होतं?

२०११ च्या जनगणनेनुसार पेण शहराची लोकसंख्या सुमारे ३८ हजार, तर रोहा-अष्टमीची सुमारे २१ हजार होती. नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानतात.

या हिशेबाने पेणमध्ये रोज सुमारे ४१ लाख लिटर आणि रोह्यात सुमारे २३ लाख लिटर सांडपाणी होतं. एकट्या पेणचं सांडपाणी न्यायला १० हजार लिटरचे ४०० हून जास्त टँकर लागतील. आणि हा आकडा २०११ च्या लोकसंख्येवरचा आहे.

बीओडी म्हणजे काय?

पाण्यातली घाण जिवाणू खातात आणि ते करताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. घाण जास्त, तर ऑक्सिजनची गरज जास्त. ही गरज म्हणजे बीओडी. ती वाढली की माशांना ऑक्सिजन उरत नाही.

आंघोळीयोग्य नदीत बीओडी लिटरमागे ३ मिलीग्रॅमपर्यंत असावा लागतो. २०१८ च्या यादीतला सर्वात गंभीर गट होता ३० मिलीग्रॅमच्या वरचा, म्हणजे मर्यादेच्या दहापट.

एसबीआर नेमकं कसं चालतं?

एसबीआर म्हणजे सिक्वेन्सिंग बॅच रिअ‍ॅक्टर. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. जुन्या पद्धतीच्या केंद्रात पाणी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातं. एका टाकीत हवा दिली जाते, दुसरीत गाळ बसतो. एसबीआरमध्ये ही सगळी कामं एकाच टाकीत, एकामागून एक होतात. घरातल्या ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनसारखंच.

१. भरणे: कचरा आणि वाळू काढून घेतलेलं सांडपाणी टाकीत येतं. तिथे आधीच्या फेरीतला जिवंत जिवाणूंचा गाळ असतोच.

२. हवा देणे: तळातून हवा सोडली जाते आणि जिवाणू घाण खातात.

३. बसू देणे: हवा बंद होते, गाळ तळाशी बसतो.

४. उपसणे: वरचं निवळ पाणी काढून निर्जंतुक केलं जातं.

एक फेरी साधारण ३ ते ६ तासांत पूर्ण होते. एक टाकी भरत असताना दुसरी निवळत असते, त्यामुळे काम थांबत नाही. वेळापत्रक संगणकीय यंत्रणा सांभाळते.

नवी मुंबई महापालिकेची नेरुळ, वाशीसारखी मोठी केंद्रं याच पद्धतीवर चालतात. पणजीतल्या टोंक इथलं केंद्रही एसबीआरचंच.

छोट्या शहरांना याचा फायदा काय?

पहिला फायदा जागेचा. गाळ बसवायला वेगळी टाकी लागत नसल्याने कमी जागेत काम होतं. दुसरा फायदा पावसाळ्यात. कोकणातल्या मुसळधार पावसात गटारांचं पाणी अचानक वाढतं, तेव्हा फेऱ्यांची वेळ कमी करून जास्त पाणी हाताळता येतं. तिसरा म्हणजे पाण्याचा दर्जा. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी बीओडीची मर्यादा १० मिलीग्रॅम ठरवली. एसबीआर नीट चालवलं तर हे शक्य आहे.

मग अडतं कुठे?

केंद्र बांधण्यापेक्षा ते चालवण्यात. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. बसवलेली क्षमता होती ६,८९०. प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती फक्त ४,२४२ दशलक्ष लिटरवर. म्हणजे जी केंद्रं बांधली, तीही पूर्ण वापरली जात नव्हती.

याची कारणं साधी आहेत. घरं भूमिगत गटाराला जोडलेली नसतील तर केंद्रापर्यंत सांडपाणी पोचतच नाही. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी उघड्या गटारातून नाल्यात जातं. एसबीआरला हवा देणारे ब्लोअर विजेवर चालतात, त्यामुळे बिल थकलं किंवा जनरेटर नसला की जिवाणू गुदमरतात. यंत्रणा स्वयंचलित असली तरी गाळ किती काढायचा, हवा किती द्यायची हे कळणारा माणूस लागतोच.

रोह्यासाठी आणखी एक धोका आहे. कारखान्याचं रसायनयुक्त पाणी शहराच्या गटारात शिरलं तर टाकीतले जिवाणूच मरतात. औद्योगिक सांडपाण्याची वाट वेगळीच असायला हवी.

नागरिकांनी काय विचारावं?

१ लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मधून सांडपाणी प्रक्रियेसाठी निधी मिळू शकतो. पेण आणि रोहा दोन्ही त्यात बसतात. पण हा निधी उभारणीसाठी असतो. विजेचं बिल आणि पगार नगरपरिषदेलाच भरावे लागतात.

म्हणून केंद्राचं भूमिपूजन झालं की चार प्रश्न विचारायला हवेत. किती घरं गटाराला जोडणार? पुढच्या दहा वर्षांचा देखभालीचा खर्च कुठून येणार? साचलेला गाळ कुठे जाणार? आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी नागरिकांना दर महिन्याला कुठे वाचायला मिळणार?

या चारांची उत्तरं नसतील, तर टाकी कितीही आधुनिक असली तरी सांडपाणी आजच्याच वाटेने कुंडलिकेत आणि पेणच्या भोगावतीत जात राहील.